कुकरची रिंग बुटात

बर्फात जाताना सोबत काय न्यावं याच्या याद्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. प्रेशर कुकर त्यांत कधी दिसला नाही. आमच्या गाडीत मात्र तो सगळ्यांच्या आधी चढतो. यंदाही तोच पहिला चढला. त्याच्यामागून आंबेमोहोराची पिशवी, तुरीची डाळ, हेमंतचा गोडा मसाला आणि माझं सावजी तिखट (या बाबतीत आमच्यात इतक्या वर्षांत समेट झालेला नाही), मग दोन स्नोबोर्ड आणि दोघांच्या बुटांच्या बॅगा. मी घराला कुलूप लावायला वळले तेवढ्यात हेमंतने हळूच आणखी एक पेटी आत सरकवली. त्याचं ड्रिल.

"हे कशाला?"

"असू दे गं. लागतं."

"सुट्टीत ड्रिल लागतं?"

"लागलं तर जवळ असावं."

हेमंत माझा नवरा. पुण्याचा. शिकला मेकॅनिकल, अमेरिकेत आला सॉफ्टवेअरवर, आणि तेव्हापासून त्याच्या हातांना जी खाज आहे ती टेक्सासमधल्या, अर्विंगच्या आमच्या घराने सोसली आहे. हॉलमधली फळी त्याने लावली. ती डावीकडे कलते. दार जरा जोरात लागलं की तिच्यावरच्या वस्तू डावीकडे सरकतात आणि मी त्या परत उजवीकडे नेऊन ठेवते. बाथरूमचा नळ त्याने इतक्या वेळा बसवला की शेवटी आलेला प्लंबर आम्हाला हसला. या माणसाने पहिल्या झटक्यात नीट केलेलं एकही काम मला आठवत नाही. म्हणून निघण्याआधीच मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं की माझ्या बुटांना तो हात लावणार नाही.

बुटांविषयी आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचा माझा त्रागा कुणाला कळायचा नाही. स्नोबोर्डवर दोन्ही पाय आडवे बांधून उतारावरून खाली यायचं असतं. बहुतेक लोक टोपातली खरवड काढावी तसे बर्फ खरवडत येतात. कार्व्हिंगमध्ये बोर्ड त्याच्या कडेवर उभा करायचा, अंग उताराकडे झोकून द्यायचं, की मागे बर्फात फक्त एक बारीक रेघ उरते. ऑफिसच्या एका सहलीत माझ्याहून मोठ्या वयाच्या बाईला मी असं येताना पाहिलं. तिचा हात बर्फाला टेकत होता आणि तोंडावर काहीच विशेष नव्हतं. त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं आहे. मी नागपूरची, पन्नाशीला टेकलेली, आणि मला एक अख्खी रेघ काढायची आहे, इतकीच माझी मागणी.

या रेघेसाठी कडक बूट लागतात. बाहेरून जाड प्लास्टिकचं कवच, आत मऊ लायनर, मागे घोटा एका कोनात जखडून ठेवणारी लोखंडी दांडी. असे बूट वापरणारी माणसं मुळात थोडी, त्यात माझी पावलं लहान आणि पुढून फताडी. मी दोन हिवाळे शोध घेतला. माझ्या मापाचे नवे कुठेच सापडले नाहीत. शेवटी एका जोडप्याने हा नाद सोडून आपले जुने बूट विकायला काढले. तिचे मी घेतले, त्याचे हेमंतने. दोन्ही जोड एकाच घडणीचे, एकाच वयाचे. जुनं प्लास्टिक वरून तुकतुकीत दिसतं, आतून काय चाललंय ते देव जाणे. माझा जोड फुटला की माझं कार्व्हिंग संपलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

अडचण एवढीच की ते बूट प्लास्टर घातल्यासारखे ताठ होते. हेमंतचं म्हणणं, दांडीवर स्प्रिंग बसवू, दांडी थोडी वर घ्यायला मागे एक नवं भोक पाडू, पुढून थोडं कापू, म्हणजे घोटा हलेल. माझं म्हणणं, हॉलमधल्या फळीकडे बघ आणि मग बोल.

रेड की ग्रीन

अर्विंग ते उत्तर न्यू मेक्सिको हा रस्ता मी गाळते. विचिटा फॉल्सपासून अमरिलोपर्यंत वर्णन करण्यासारखं काही असलंच तर ते मला दिसलं नाही. टेक्सास संपलं, जमीन हळूहळू वर चढायला लागली, झाडं काळपट झाली, आणि एका छोट्या गावात आम्ही जेवायला थांबलो.

तिथे बसल्या बसल्या, पाणी यायच्या आधी, वाढणाऱ्या बाईने विचारलं, "रेड ऑर ग्रीन?" मिरचीचा रस्सा लाल हवा की हिरवा, हा त्या प्रदेशात पहिला प्रश्न असतो. आपल्याकडे चहा घेणार का विचारतात त्याच सुरात. दोन्ही हवे असतील तर "ख्रिसमस" म्हणायचं. नागपूरच्या माणसाला तिखटाविषयी असं विचारणं हा मी अपमान समजते. मी ख्रिसमस म्हटलं. हेमंतने, पुण्याला शोभेल असं, दोन्ही वेगळ्या वाटीत मागवलं.

हिरवा रस्सा पहिल्या घासाला गरीब वाटला. चौथ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हेमंत वाटीत चमच्याचं टोक बुडवत शांतपणे म्हणाला, "सावजी तिखट गाडीत आहे, आणू का?" मी रुमालाने डोळे पुसले. पण खरं सांगायचं तर इतका सुंदर रस्सा मी कित्येक वर्षांत खाल्ला नव्हता, आणि भाकरी असती तर मी तिथून उठले नसते.

वर

केबिन नऊ हजार फुटांच्या वर होतं. पुढे लाकडी पडवी, पडवीला टेकून बर्फाचा ढीग, समोर पाइनच्या झाडांमधून दिसणारे उतार. पहिल्या सकाळी हेमंतने डोकं धरलं. "उंची लागली बहुतेक. तू जा, मी उद्या येतो." मी वैतागले, पण त्याला गोळी देऊन एकटीच गेले.

वर जाणाऱ्या लिफ्टच्या पाळण्यात माझ्याशेजारी डेल नावाचे गृहस्थ बसले. सत्तरीचे, निवृत्त दंतवैद्य, आणि त्यांच्याही पायांत कडक बूट. त्या अख्ख्या डोंगरावर तसले बूट घातलेले आम्ही दोघंच. हरवलेला भाऊ सापडल्यासारखा त्यांना आनंद झाला. पाळण्यातून उतरल्यावर ते गुडघ्यावर बसले आणि माझ्या बुटावर बोटाने टकटक करून बघायला लागले, दाढ तपासावी तशी.

"किती जुने?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, विकणाऱ्यालाही आठवत नव्हतं. मग त्यांनी मला त्यांच्या आधीच्या बुटांची कहाणी ऐकवली. थंड सकाळ होती, मधल्या उतारावर डावा बूट घोट्यापाशी फुटला, तुकडे वेचत खाली यावं लागलं. सांगताना ते हसत होते. मी हसले नाही. दंतवैद्यांना दुसऱ्याच्या तोंडावरची भीती दिसत नाही, अशी माझी जुनी शंका आहे.

त्या दिवशी मी इतक्या वेळा पडले की लिफ्ट चालवणारा मुलगा मला नावाने ओळखायला लागला. घोटा हलत नाही म्हणजे काय होतं, तर बर्फातला बारीकसा उंचवटासुद्धा सरळ गुडघ्यात येतो, बोर्डची कड सुटते आणि माणूस फेकला जातो. वर लायनर माझ्या फताड्या पावलाला दोन्ही बाजूंनी चावत होता. संध्याकाळी केबिनमध्ये बूट काढले तेव्हा नडग्यांवर लाल पट्टे होते.

हेमंत पडवीत खुर्ची टाकून बसला होता. डोकं दुखायचं थांबलं होतं म्हणे. अंगावर प्लास्टिकचा भुगा होता.

"हे काय अंगावर?"

"काही नाही. बॅगचं चाक तासत होतो."

मी बॅगच्या चाकाकडे बघायला पाहिजे होतं. पण पाय दुखत होते आणि मला जेवण हवं होतं.

आंबेमोहोर

"कापत नाही," हेमंत म्हणाला. "फक्त लायनर तुझ्या पायाच्या आकाराचा करू. त्यात भोक नाही, काही नाही. फक्त उष्णता."

लायनरचा फोम गरम केला की मऊ होतो, त्यात पाय घालून उभं राहिलं की गार होताना पायाचा आकार घेतो. गरम करायची रीत अशी की मोज्यांत कोरडा तांदूळ भरायचा, मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा आणि ते मोजे लायनरमध्ये कोंबायचे. अमेरिकन माणूस यासाठी दुकानातला कुठलाही तांदूळ आणतो. आमच्याजवळ आंबेमोहोर होता, अर्विंगच्या देशी दुकानात शेवटची पिशवी म्हणून मी एका काकूंच्या आधी झडप घालून घेतलेला.

"हेमंत, मोज्यात आंबेमोहोर?"

"कोरे मोजे आहेत. आत्ता फोडलं पाकीट."

"तरी मोजेच ना."

"मग जा गावात, तांदूळ आण."

गाव खाली, रस्त्यावर बर्फ. मी पिशवी त्याच्या हातात दिली. मायक्रोवेव्ह फिरायला लागला आणि त्या लाकडी केबिनभर असा वास सुटला की कुणीतरी सणाचा भात टाकला आहे असं वाटावं. मी एका पायावर तोल सांभाळत, बुटांचे बकल आवळून, त्या वासात उभी. पोटात कावळे. इतकं चिडून मी आयुष्यात कधी उभी राहिले नसेन.

लायनर मात्र सुरेख बसले. हे मला कबूल करावं लागतं.

परवानगी

दुसऱ्या दिवशी पाय दुखला नाही, पण घोटा तसाच जखडलेला. हेमंत आजही आला नाही. आता म्हणे गुडघा. दोघांनी जायचं म्हणून सुट्ट्या जुळवल्या, आणि साहेब पडवीत. मी डेलच्या मागोमाग दोन फेऱ्या केल्या. ते पुढे रेघ काढत जात होते, मी मागे खड्डे पाडत. तिसऱ्या फेरीला मी तोंडावर पडले, बर्फ जॅकेटच्या गळ्यातून आत गेलं, आणि तिथेच बसून मी रडले. थोडंच रडले, पण रडले. दोन हिवाळे शोधलेले बूट पायांत होते आणि ते घालून मला काही करता येत नव्हतं.

उठून पहिलं काम केलं ते लेकीला फोन. ती अटलांटाकडे अल्फारेटाला नोकरी करते.

"बूट कापू देऊ का बाबाला?"

"मॉम, जस्ट रेंट समथिंग."

"भाड्याने मिळत नाहीत असले."

"देन लेट हिम. ही इज गोइंग टू डू इट एनीवे."

दुपारी केबिनवर येऊन मी बूट त्याच्यासमोर पडवीत ठेवले.

"कर काय करायचं ते. फुटले तर फुटले. पण फुटले तर माझ्याशी परत बर्फाचा विषय काढायचा नाही."

मला वाटलं होतं तो उडी मारेल. तो फक्त मान हलवून म्हणाला, "तू जेवून ये खाली. दोन तास इकडे फिरकू नकोस. तू बघत असलीस की माझा हात हलतो."

मी खाली जाऊन हिरवा रस्सा मागवला आणि त्यात चमचा घालून नुसती बसून राहिले. डोळ्यांसमोर ते ड्रिल. जुनं प्लास्टिक, एक वाकडं भोक, त्यातून निघालेली चीर. हॉलमधली फळी. बाथरूमचा नळ. वाढणाऱ्या बाईने विचारलं, फार तिखट झालं का. मी म्हटलं, नाही, नवरा घरी काम करतोय. तिने समजून मान हलवली आणि मला फुकटात गोड पाव आणून दिला.

परत आले तेव्हा बूट पडवीच्या कठड्यावर ठेवलेले. प्रत्येकाच्या मागे एक भोक, गोल, स्वच्छ. पुढून छोटासा त्रिकोणी काप, कोपरा गोल केलेला, कडा माझ्याच नखांच्या कानशीने घासलेल्या. दांडीवर ड्रिलच्या पेटीतून निघालेली स्प्रिंग, आणि स्प्रिंगखाली काळ्या रबराच्या चकत्या. मी बूट उलटेपालटे करून बघितले, उन्हात धरून बघितले. चीर नाही. तडा नाही.

"पहिल्याच झटक्यात?" मी विचारलं.

"जमलं," तो म्हणाला आणि ड्रिल पुसायला लागला.

मला आनंद व्हायला हवा होता. मला संशय आला. पण बूट घालून पाहिले तर घोटा पुढेमागे हलत होता, मऊ, दमदार.

संध्याकाळी वरण-भात लावायला कुकर काढला, तर झाकणात रिंग नाही.

"हेमंत."

"अगं, स्प्रिंगवर लोखंड लोखंडाला आपटत होतं. रबर पाहिजे होतं. आणि या रिंगेइतकं प्रेशर सहन करणारं रबर त्या गावात..."

"काय करून राहिला तू? माझ्या कुकरची रिंग कापली?" मी चिडले की माझ्या तोंडी नागपूर येतं, हे हेमंतला माहीत आहे आणि त्या वेळी तो वाद घालत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इतक्या उंचीवर पाणी लवकर उकळतं पण डाळ शिजत नाही. कुकर नसेल तर तुरीची डाळ उद्यापर्यंत उकळत ठेवा, ती दाताखाली वाजणारच. आमची वाजली. भात कच्चा, तोही मोज्यांतला, कारण पिशवीत दुसरा उरलाच नव्हता. माझे बूट जेवले होते आणि आम्ही उपाशी होतो. हेमंतने सगळं ताट संपवलं आणि "छान झालंय" म्हणाला, तेव्हा मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

शेवटचा दिवस

सकाळी हेमंत आला, पण पायांत साधे बूट घालून. गुडघा म्हणे. उताराच्या तळाशी कुंपणापाशी कॉफी घेऊन उभा राहिला.

मी वर गेले. पहिलं वळण भीत भीत घेतलं, कान सगळे बुटाकडे. काही तडकलं नाही. दुसऱ्याला घोटा वाकला, स्प्रिंग दबली आणि परत वर आली, बर्फातला उंचवटा पायाखालून निघून गेला आणि गुडघ्याला कळलंही नाही. तिसऱ्याला मी बोर्ड कडेवर उभा केला आणि अंग सोडून दिलं. उतार जवळ आला, आणखी जवळ आला, आणि माझ्या हातमोज्याला बर्फ लागलं. हात बर्फावरून चालला होता. मी पडले नव्हते. थांबून मागे वर पाहिलं तर एक रेघ होती, बारीक, अख्खी, उताराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मला इतका आनंद झाला की बघायला कुणी नाही म्हणून मी मोठ्याने हसले.

डेल मागून आले, रेघेकडे पाहिलं, टोपीला हात लावून पुढे गेले.

दुपारपर्यंत मी तेच केलं. पण दर वेळी तळाशी येऊन पाहावं तर हा माणूस साध्या बुटांत उभा. "रिंग सरकत नाही ना?" एवढंच विचारायचा. तीन दिवस झाले, एकदाही तो माझ्याबरोबर वर आला नव्हता. शेवटच्या फेरीआधी माझा संयम संपला. गुडघा दुखतो म्हणे, आणि दिवसभर तळाशी उभं राहायला दुखत नाही. मी बोर्ड काढला, गाडीपाशी गेले, त्याच्या बुटांची बॅग ओढून काढली आणि चेन उघडली. आज त्याच्या पायांत ते बूट मी स्वतः कोंबणार होते.

डाव्या बुटाच्या मागे भोकंच भोकं होती. पहिलं वाकडं. त्याच्या शेजारचं फार कडेला. मग एक लांबट झालेलं. मग हळूहळू नीट होत गेलेली, आणि शेवटचं अगदी माझ्या बुटावरच्यासारखं, गोल, स्वच्छ. पुढचा काप इतका खोल की आतलं लायनर बाहेर डोकावत होतं. उजव्या बुटाला एका भोकातून निघालेला तडा घोट्यापर्यंत गेला होता. हाताने दाबल्यावर तो उघडला.

हेमंत मागून आला होता. कॉफीचा कप हातात तसाच.

"हे कधी केलंस?"

"परवा. उरलेलं काल सकाळी."

"परवा तर मी नाही म्हटलं होतं."

"तू हो म्हणणारच होतीस. तोवर प्रॅक्टिस करून घेतली. एकच जातीचं प्लास्टिक आहे, म्हटलं बघू किती सहन करतं."

"आणि डोकं? गुडघा?"

"डोकं पहिल्या दिवशी खरंच थोडं दुखत होतं."

मी त्या तड्यावर बोट फिरवत उभी राहिले. त्याने ज्या जागी चूक केली होती ती प्रत्येक जागा माझ्या बुटावर कोरी होती.

"आता तू काय घालशील?"

"मऊ बूट घेईन. माझ्या मापाचे कुठेही मिळतात. मी तसाही खरवडतच येतो खाली."

मला रडू आलं आणि त्याच क्षणी भयंकर रागही आला. विचारलं असतं तर मी त्याला असं करू दिलं नसतं. हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने विचारलं नाही, म्हणून तर राग. मी त्याला तसं सांगितलं, नागपुरी मराठीत, पार्किंगमध्ये, बऱ्याच लोकांसमोर. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "शेवटची लिफ्ट बंद होईल, जा."

मी गेले. त्या फेरीत माझा हात बर्फाला दोनदा लागला. तो कुंपणापाशी उभा होता आणि नेहमीप्रमाणे माझ्या पायांकडे बघत होता.

अर्विंगला आल्यावर पहिल्यांदा कुकरला नवी रिंग आणली. हेमंत तडा गेलेला बूट कचऱ्यात टाकायला निघाला होता. तो मी त्याच्या हातातून काढून घेतला आणि हॉलमधल्या फळीवर ठेवला. लेकीने व्हिडिओ कॉलवर तो पाहिला. "मॉम, व्हाय इज देअर अ ब्रोकन बूट इन द लिव्हिंग रूम?" मी म्हटलं, राहू दे तिथे.

दार लागलं की तो थोडा डावीकडे सरकतो. हेमंत म्हणतो, एकदा फळी नीट करून देतो. मी म्हणते, ड्रिलला हात लावायचा नाही. मग मीच उठते, बूट उचलून परत उजवीकडे ठेवते, आणि रोज चिडते.